निकालाचा ढोल

बालमित्रांनो, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी टीव्हीवर आकडे वरखाली होत असतात आणि बातमी देणाऱ्या बाईच्या मागे कुठेतरी धडाड् धुम, धडाड् धुम असं चाललेलं असतं. तिला ओरडून बोलावं लागतं. तुम्ही घरात वैतागून टीव्हीचा आवाज कमी करता. तो आवाज आमचा. त्या गोंगाट करणाऱ्यांपैकीच मी एक जुना ढोल आहे. माझ्या खोडाच्या भेगांत इतका गुलाल मुरला आहे की कितीही पुसलं तरी बोटाला रंग लागतोच. त्यात कोणत्या पक्षाचा किती, हे मलाही सांगता यायचं नाही. गुलालावर कुणाचं चिन्ह नसतं.

माझा जन्म उरणचा. तिथे बाजाराच्या मागच्या गल्लीत हौसेराव नावाचे कारागीर बसत. मूळचे साताऱ्याकडचे, पोटासाठी इकडे आलेले. त्यांनी आंब्याचं वाळलेलं खोड आतून कोरलं, तासलं, त्याला तेल पाजलं. दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं आणि सुती दोरी अशी आवळली की पहिली थाप पडली तेव्हा मीच दचकलो.

"खाडीच्या वाऱ्यात ऱ्हानार ह्यो," ते मला न्यायला आलेल्या तरुणाला म्हणाले. "ह्याला ऊन दावत जावा. न्हाईतर आवाज बसंल."

तो तरुण म्हणजे जयदेव. खाडीकाठच्या करंजपाड्यातला कोळी. उंच, सावळा, छाती भरदार, पण स्वभाव इतका मऊ की कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभच उचलत नसे. त्याने मला खांद्याला लावलं आणि होडीतून गावी आणलं. धक्क्यावर एक किडकिडीत तरुण गळ्यात ताशा अडकवून आमची वाट बघत उभा होता. त्याने मला पाहिलं आणि होडी टेकायच्या आत दोन काड्यांनी ताशावर असा काही तडतडाट केला की जयदेवने होडीतच मला टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, लावलं. भोवतालच्या जाळ्यांवर बसलेले बगळे उडाले. तो सिताराम.

माझी आणि ताशाची ओळख झाली ती अशी, पाण्यावर.

मित्रांनो, ढोलाला एकट्याने वाजता येतं. पण ते वाजणं म्हणजे नुसतं चालणं. धावायचं कधी, वळायचं कधी, थांबायचं कुठे, हे ताशा सांगतो. सितारामच्या काड्या पुढे पळायच्या आणि जयदेवचा हात त्यांच्या मागे. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नसत.

दोघांची घरं एकाच आळीत होती. जयदेवची आई तो पाळण्यात असतानाच गेली. तेव्हा सितारामची आई, जाईबाई, हिने दोन्ही पोरांना मांडीवर घेतलं. सितारामच्या वाट्याचं दूध जयदेवही प्यायला, असं आळीतल्या बाया सांगत. जयदेव तिला आयच म्हणायचा. आम्ही कुठेही वाजवायला निघालो की जाईबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन ओट्यावर यायची. एक बोट मला, एक ताशाला. आणि दोघा बाप्यांच्या कपाळाला उरलेलं.

हळदी, साखरपुडे, नारळी पौर्णिमा, सगळीकडे आम्ही वाजलो. पण आमचं नाव झालं ते निकालाच्या दिवशी. तेव्हा मतं कागदावर असत. चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधून, उलगडून मोजायचे, त्यामुळे मोजणी लांबायची. आम्ही मोजणीच्या जागेबाहेर, बांबूच्या अडसरापलीकडे, पोलिसांच्या काठीच्या टप्प्यात बसून राहायचो. आत भोंग्यावर फेरीचे आकडे सांगत आणि बाहेर माणसांचा एक समुद्र आ वासून ऐकत असे. ताशाचं कातडं थंडावलं की सिताराम रस्त्यावर पडलेली प्रचाराची पत्रकं गोळा करून पेटवायचा आणि त्यावर ताशा शेकायचा. सगळ्या उमेदवारांचे हात जोडलेले फोटो त्यात सारखेच जळत.

"कोनाचा रं ह्यो?" जयदेव एखादा जळणारा चेहरा बघून विचारी.

"कोनाचा पन असो," सिताराम म्हणायचा, "ऊब बरी देतंय."

दिल्लीचा निकाल असो नाही तर मुंबईचा, ज्याला गुलाल लागला त्याच्यापुढे आम्ही वाजायचो. दिल्लीतली सरकारं बदलली. राज्यात कधी दोघांचं सरकार आलं, कधी तिघांचं. खाडीकाठची मिठागरं गेली, भातशेती गेली, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आमचा पाडा त्यांच्या मधोमध, वाटीतल्या पाण्यासारखा, तेवढाच राहिला. पण निकाल लागला की नेत्यांची माणसं त्या इमारतींना वळसा घालून आमच्याच आळीत यायची. "जयदेव-सितारामची जोडी पायजे," म्हणायची. मला वाटायचं, ही माणसं आकडे ऐकायला नव्हे, आम्हाला ऐकायला जमतात. प्रत्येक ढोलाला असा थोडा गर्व असतोच.

मग आमच्या गावाचा पक्ष फुटला.

त्याआधी पाड्यातली बहुतेक घरं एकाच पक्षाची. आण्णा आणि भाऊ हे त्याचे दोन नेते. एकाच गाडीतून यायचे, एकाच ताटात जेवायचे. एका सकाळी बातमी आली की दोघं वेगळे झाले. नाव तेच, झेंड्याचा रंगही जवळजवळ तोच, फक्त चिन्हं दोन. सुरुवातीला गावात लोक हसले. मग हळूहळू हसणं बंद झालं.

जयदेव आण्णांकडे राहिला. गावठाणातली घरं अनधिकृत म्हणून पाडायला यंत्रं आली होती, तेव्हा आण्णा त्या यंत्रांपुढे आडवे झाले होते. ते जयदेवने डोळ्यांनी बघितलं होतं. सिताराम भाऊंकडे गेला. त्याच्या मुलाला उरणच्या कंटेनर गोदामात कायमची नोकरी भाऊंनी लावून दिली होती. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. ज्याने आपलं घर राखलं त्याला कसं सोडायचं, एवढंच दोघंही म्हणत होते.

पण चहाच्या टपरीवर दोन बाकं झाली. जयदेव एका बाकावर, सिताराम दुसऱ्या. पहिले काही दिवस मधल्या जागेतून बोलणं व्हायचं. मग तेही आटलं. मोबाईलवर कुणी काही पाठवायचं, कुणी त्याला उत्तर द्यायचं. खरं तर जयदेवला धड टाइपही करता येत नव्हतं. तो नुसता अंगठा दाखवायचा. त्या एका अंगठ्यावरूनही एकदा रामायण झालं.

त्या उन्हाळ्यात लोकसभेचा निकाल लागला. आमच्या भागात भाऊंच्या बाजूचा माणूस निवडून आला.

मी त्या दिवशी जयदेवच्या पुढच्या खोलीत खुंटीला होतो. आतल्या खोलीत त्याची बायको चंद्राबाई निजली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन नुकतीच घरी आली होती. टाक्यांमुळे तिला कूसही बदलता येत नव्हती. जयदेव तिच्या उशाशी वारा घालत बसला होता. इतक्यात लांबून आवाज आला. मी कान टवकारले. ढोल उपरे होते, भाड्याने आणलेले, वरच्या कातड्याऐवजी प्लास्टिकचे. पण ताशा! तो ताशा मी हजारांत ओळखला असता. माझ्याशिवाय तो पहिल्यांदाच वाजत होता.

मिरवणूक आळीत शिरली आणि आमच्याच दारासमोर थांबली. पोरं नाचू लागली. "जयदेव काका, बाहेर या! गुलाल घ्या!" कुणी फटाक्यांची माळ लावली. आत चंद्राबाई कण्हली. उघड्या दारातून मला सिताराम दिसला. त्याने आत पाहिलं, जयदेवच्या हातातला पंखा पाहिला, आणि त्याच्या काड्या एकदम अडखळल्या. मला वाटलं, आता थांबतो.

"काका, वाढवा ना! काय झोपलात?" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि सितारामने मान खाली घालून वाढवलं.

जयदेव उठला आणि त्याने दार लावून घेतलं. जोरात नाही. अगदी हळू, कडीचा आवाजही होऊ न देता. मला ते हळू लावणं दार आदळण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. सितारामने एकदा चंद्राबाईची चौकशी करायला भाविकाला, आपल्या नातीला, पाठवलं होतं. पोर बिचारी नारळपाणी घेऊन आली, टेकवून गेली. स्वतः सिताराम आला नाही. जयदेव ओट्यावर बसून त्याच्या दाराकडे बघत बसायचा आणि कुणी बघतंय असं वाटलं की मला पुसायला घ्यायचा. त्या महिन्यांत मी जितका पुसला गेलो, तितका जन्मात पुसला गेलो नव्हतो.

मग विधानसभेचा निकाल लागला आणि पारडं फिरलं. आण्णांची बाजू मोठ्या फरकाने आली. प्रितेश नावाचा आमच्या आळीतला पोरगा आण्णांचं काम बघायचा. तो पांढरा शर्ट घालून, कपाळाला गुलाल लावून दारात उभा राहिला.

"काका, चला! आज तुमचाच दिवस हाय."

जयदेवने मला गळ्यात घातलं. ओट्यावर येऊन त्याने सवयीने पलीकडच्या घराकडे पाहिलं. वाटी घेऊन कुणी आलं नव्हतं. तसाच निघालो.

आम्ही मोजणीच्या जागेपासून गावापर्यंत वाजत आलो. एक भाड्याचा ताशेवाला बरोबर होता. चांगला वाजवत होता, खोटं कशाला बोलू. पण तो आमची वाट बघत नव्हता आणि आम्हाला त्याची चाल माहीत नव्हती. आळीच्या तोंडाशी प्रितेश जयदेवच्या कानाशी लागला.

"आता सिताराम काकांच्या दारात. तिकडं थांबून वाजवायचं."

"नको रं," जयदेव पुटपुटला.

"काका, ते तुमच्या दारात आलते का नाय? काकी आजारी असताना? फिट्टंफाट झालीच पायजे. सगळी पोरं बोलतात."

जयदेवने पुन्हा 'नको' म्हणायला हवं होतं. पोरं मागून ढकलत होती. आम्ही त्या दारासमोर उभे राहिलो आणि टिपरू माझ्यावर पडलं. मित्रांनो, जयदेवने त्या दिवशी मला राग काढावा तसं बडवलं. तो राग कुणावर होता हे मला कळत होतं, पण ढोलाला आपला आवाज आवरता येत नाही. आमच्या जन्माची ती शिक्षाच आहे.

दार उघडलं. आणि बाहेर आली जाईबाई.

ती फार थकली होती. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. पण ढोलाची थाप कानाने ऐकावी लागत नाही, ती छातीत ऐकू येते. तिला कोणता निकाल, कोणती बाजू, काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की जयदेवचा ढोल दारात आला आहे. एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाची वाटी सांभाळत ती ओट्याच्या कडेशी आली. बोट वाटीत बुडवून तिने माझ्यावर टेकवलं. मग जयदेवच्या कपाळावर. मग ती इकडेतिकडे बघू लागली.

"सिताराम खंय हाय रं बाला? तो नाय आला तुझ्यासंगती?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी गुलालाची मूठ उडवली, आणि ती सगळी त्या म्हातारीच्या तोंडावर पडली. तिला ठसका लागला. डोळे चोळत ती खोकू लागली, तरी हातातली वाटी तिने सांडू दिली नाही.

जयदेवने मला गळ्यातून काढून जमिनीवर ठेवलं. "आय," तो म्हणाला आणि पुढे झाला. पण तोवर आतून सिताराम आला होता. तो कुणाला शिवी देईल, मारायला धावेल, म्हणून पोरं मागे सरली.  खांद्यावरच्या पंच्याने त्याने आईचे डोळे पुसले, ओठांवरचा गुलाल पुसला, तिला कवेत धरून आत नेलं आणि दार लावलं. अगदी हळू.

थोड्याच दिवसांत सितारामच्या घरापुढे टेम्पो लागला. त्याच्या मुलाने खांदेश्वर स्टेशनजवळ फ्लॅट घेतला होता. आईला डॉक्टर जवळ, असं त्यांनी आळीत सांगितलं. सामान चढवताना जयदेव ओट्यावरून बघत होता. शेवटी जाईबाईला खुर्चीत बसवून आणलं. ती आमच्या दाराकडे बघून हात हलवत होती. जयदेवने हात वर केला, पण तोवर टेम्पो वळला होता.

पलीकडच्या घराला कुलूप लागलं. अशा घराचा एक आवाज असतो, मित्रांनो. तो मला रोज ऐकू यायचा.

पुढच्या श्रावणात जाईबाई गेली. जयदेवला ते दुसऱ्याकडून कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. दहाव्याला मात्र सिताराम गावच्या खाडीवर आला. त्या सकाळी जयदेव आंघोळ करून, पांढरी टोपी घालून घरातून निघाला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते.

"भेटलाव?" चंद्राबाईने विचारलं.

"नाय."

"मंग एवढा येल कुठं होताव?"

"बंदराच्या भिंतीमागं उभा होतो. दिसत होतं सगलं."

"तिचं दूध प्यायलाव तुमी, आनि भिंतीमागं उभं ऱ्हायलाव?" चंद्राबाईचा आवाज चिरकला. "दोन पावलं पुढं नाय जाववलं?"

जयदेव माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकला. त्याचा हात माझ्यावर होता, पण पुसत नव्हता.

थंडीत महापालिकेच्या निवडणुका आल्या. आणि तेव्हा जे झालं ते ऐकून तुम्ही कदाचित हसाल. आण्णा आणि भाऊ एकत्र आले. पक्ष दोनच राहिले, चिन्हं दोनच राहिली, पण युती झाली. गावात दोघांचा एक फलक लागला, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. टपरीवरची दोन बाकं लोकांनी पुन्हा जोडली. एका बाकावरची एक जागा मात्र तशीच रिकामी राहिली.

निकालाच्या दिवशी प्रितेश पुन्हा दारात आला. "काका, आज तर सगलं गावच एक हाय. एकदम जोरात!"

जयदेव निघाला. मोजणीच्या जागेबाहेर तोच अडसर, तेच पोलीस, तेच फेऱ्यांचे आकडे. फक्त आता माणसं भोंग्याऐवजी आपापल्या मोबाईलकडे बघत होती. दुपारी निकाल स्पष्ट झाला. क्रेनला बांधलेला भलामोठा हार वर चढला. एका उघड्या गाडीत आण्णा आणि भाऊ शेजारी शेजारी उभे होते. तो एकच हार दोघांच्या गळ्यात पडला. भाऊंनी आण्णांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघंही पोट धरून हसले.

जयदेव ते बघत राहिला. टिपरू हातात तसंच.

"वाजवा ना काका!" प्रितेश ओरडला.

"प्रितेश," जयदेव म्हणाला, "ह्ये जर असं एका हारात मावत होतं, तर आमी भांडलाव ते कशापायी रं?"

"काका, राजकारन असतं ते. तुमी कशाला टेन्शन घेता?"

"माझी आय गेली रं त्यात. तिचं तोंड नाय बघितलं मी."

 प्रितेशचाही चेहरा उतरला. पोरगा वाईट नव्हता. पण मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि कार्यकर्ते खुणा करत होते. "काका, आता येवढं वाजवा, मंग बोलू," तो अजिजीने म्हणाला.

"नाय," जयदेव म्हणाला. "मला आज वाजवायचं नाय."

इतकी वर्षं त्याच्या छातीवर टेकून राहिलो, पण हा शब्द इतका सरळ त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तो गर्दीतून आडवा निघाला, रिक्षा थांबवली, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "खांदेश्वर."

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. ढोल बघून त्याला वाटलं, कुणाची वरात आली. "काका, आतमध्ये वाजवायला परवानगी नाही. कमिटी मला ओरडते." जयदेव त्याला समजावत होता की वाजवायचं नाही, नुसतं भेटायचं आहे. एवढ्यात कॉलेजातून येणारी एक मुलगी स्कूटीवरून उतरली.

"जयदेव आजोबा?"

ती भाविका. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता फोन लावला. "आजोबा, खाली या. नाही, आत्ता या. चप्पल घाला आणि या."

सिताराम आला. किती वाळला होता! दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. शेवटी मुलांच्या घसरगुंडीजवळच्या बाकावर जाऊन बसले. मी मधे.

"आज निकाल ना?" सिताराम म्हणाला.

"हां."

"वाजवायला नाय गेलास?"

"गेलतो. मधूनच निघालो."



"आय गेली तवा तुला कलवायला फोन हातात घेतलता मी," सिताराम म्हणाला. "नंबर लावला पन होता. मंग ते गुलालाचं डोल्यासमोर आलं, आनि ठेवला."

"मी दहाव्याला आलतो. भिंतीमागं होतो."

"ठाव हाय. तुझी टोपी दिसली. वाटलं, येशील. म्हनून पिंड ठेवून मुद्दाम थांबलो थोडा."

जयदेवचे खांदे हलू लागले. सितारामने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्यावरून हात लांबवून त्याने नुसता जयदेवचा गुडघा धरून ठेवला. "पयला मी वाजवला तुझ्या दारात," तो म्हणाला. "चंद्रा कन्हत होती. ऐकलं मी. तरी वाजवला." मग म्हणाला, "शेवटी शेवटी आय रोज इचारायची, जयदेवचा ढोल का नाय वाजत. मी सांगायचो, हितं ऐकू येत नाय, लांब हाय."

भाविका वरून चहा घेऊन आली, कप ठेवून लांब जाऊन उभी राहिली.

"गावात परत ये," जयदेव म्हणाला.

"आता नाय जमायचं. पोराचं सगलं हितं हाय. आनि निकालाला तर मी वाजवनार नाय. कोनाच्याच."

"मी पन नाय." जयदेवने मला थोडं त्याच्याकडे सरकवलं. "म्हनून ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. घरात दिसला की पोरं मागायला येतात. आज एकदा 'नाय' बोललो. परत जमंल का, ठाव नाय."

सिताराम हसला. मग उठला, वर गेला, आणि जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. ताशा. "मंग ह्यो तू ने. हितं गॅलरीत बोट जरी लावलं तरी शेजारचे बेल मारतात. तुझ्या ओट्यावर ऊन तरी लागंल त्याला."

आणि मित्रांनो, त्या बाकावर मी आणि ताशा एकमेकांच्या शेजारी, अगदी कातड्याला कातडं लागून, काही क्षण होतो. कुणी थाप मारली नाही, कुणी काडी लावली नाही. मग जयदेवने ताशा उचलला आणि तो रिक्षात बसून गेला. मी लिफ्टने वर आलो.

आता मी सितारामच्या गॅलरीत असतो. समोर स्टेशन दिसतं, त्यापलीकडे डोंगर. सिताराम रोज सकाळी माझ्यावरची चादर काढतो, मला उन्हाकडे फिरवतो. आठवड्यातून एकदा जयदेव निवटे किंवा कोळंबी घेऊन येतो. "ढोलाची दोरी बघायला आलो," असं म्हणतो आणि जेवून जातो. सिताराम गावाकडे जातो तो ताशा बघायला. दोघांनाही कुणी विचारत नाही की दोरी आणि कातडं बघायला इतका वेळ का लागतो. गावी गेला की सिताराम खाडीच्या पाण्यात थोडा वेळ पाय बुडवून बसतो, असं भाविका तिच्या आईला सांगत होती.

माझी जागा चांगली आहे. कुणी हेळसांड करत नाही. तरी संध्याकाळी वारा खाडीकडून यायला लागला की माझं कातडं आपोआप सैलावतं. मला ताशाची आठवण येते. ती पाण्यावरची पहिली थाप, पत्रकांच्या जाळावर शेकणाऱ्या त्या लांबच लांब दुपारी, आणि ते एक बोट हळदीकुंकवाचं. शिमग्याला दोघं मला आणि ताशाला घेऊन बंदरावर बसायचं म्हणत आहेत. म्हणत आहेत, एवढंच. मी वाट बघतो. वाट बघणं ढोलाला जमतं. आतून पोकळ असतो ना.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल. जरूर द्या, आणि ज्याला द्यावंसं वाटेल त्यालाच द्या. आमच्यासारख्यांना ऊन दाखवत जा, पावसात बाहेर ठेवू नका, सणावाराला खुंटीवरून खाली काढा. आणि निकाल तुमच्या मनासारखा लागला तर वाजवण्याची घाई करू नका. आधी ज्याचा माणूस पडला, त्या मित्राच्या घरी जाऊन या. त्याच्या आईच्या हातचा चहा पिऊन या. जाताना ढोल मात्र घरी ठेवून जा.

आम्ही कुठे जात नाही. तुम्ही दोघं मिळून परत या, मग हवा तितका वाजवा.